फिरत्या घराचं लाकडी छत: वाचकांचे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन तिचं फिरतं घर करणाऱ्यांची पत्रं सातारा-सांगलीकडून बरीच येऊ लागली आहेत. त्यातली छताच्या लाकडाविषयीची सात या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं मुद्द्यापुरती छाटली आहेत.

प्रश्न (सातारा): जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. आतलं छत ४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद भरतं. सागवानी पट्ट्यांचं छत करायचं मनात आहे. सुतार १२ मिमी जाडीच्या पट्ट्या सांगतो, त्याहून बारीक पट्टीला नर-मादी (एका पट्टीच्या कडेची जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसवायचा सांधा) काढता येत नाही म्हणतो. सागवान परवडेल, पण ते योग्य आहे का? आणि लाकूड किती आणायचं?

उत्तर: आधी वजन बघा, लाकडाची जात नंतर. तुमचं छत ६.८ चौरस मीटर आहे. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं, तर १२ मिमीचं छत ५३ किलो होतं. ९ मिमीचं ४० किलो. तेच ९ मिमी शिवण किंवा पाइनमध्ये केलं तर ३० किलोच्या आसपास, आणि ४ मिमी व्हिनियर-प्लाय (वर शोभेच्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेला प्लाय) लावला तर १६-१७ किलो. आकडे ऐकायला फार मोठे वाटत नाहीत. पण हे वजन गाडीच्या अगदी माथ्यावर बसतं. त्यावर सोलर पॅनेल, हॅच (छतातली उघडणारी खिडकी) आणि कॅरियर येणारच. पसरणीच्या घाटात वळणावर गाडी जी डुलते, ती माथ्यावरच्या वजनानेच जास्त डुलते. तेव्हा १२ मिमी नको.

बारीक पट्टीला नर-मादी बसत नाही, हे खरं नाही. ९ मिमी, म्हणजे तीन सुताच्या पट्टीत मधली ३ मिमी खाच आणि दोन्ही बाजूंना ३-३ मिमी गाल, एवढं राउटरवर (खाचा पाडायच्या विजेच्या यंत्रावर) व्यवस्थित निघतं. हाताच्या रंध्याने काढायचं म्हटलं तर मात्र सुताराचं म्हणणं रास्त आहे. राउटर नसेल तर गावातल्या फर्निचर कारखान्यातून पट्ट्या काढून आणा.

आता जात. साग हलतो (म्हणजे फुगतो-आकसतो) कमी, टिकतो जास्त, यात वाद नाही. पण दाराच्या चौकटीला जो टिकाऊपणा लागतो तो छताला लागत नाही, कारण तिथे पाणी पडत नाही आणि हातही लागत नाही. आमची पहिली पसंती शिवणीला. रंग फिकट पिवळसर, वजनाला हलकी, पिळत नाही. आणि गाडीचं छत बुटकं असल्यामुळे फिकट रंग लावला की आतली जागा मोकळी वाटते. सागाचा तांबूस-तपकिरी रंग एवढ्या जवळून डोक्यावर आला की अंगावर येतो. अडचण एवढीच की शिवण वखारीत कायम सापडेल याची खात्री नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर वापरतात ते तून लाकूडही वजनाला हलकं असतं. रंग लालसर आणि वास छान. बिनगाठीचं मिळालं तर जरूर घ्या. तिसरा पर्याय भट्टीत वाळवलेलं आयात पाइन. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, पण त्यातल्या गाठी उन्हात राळ सोडतात. मे महिन्यात उभ्या गाडीचा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो. तेव्हा ती राळ अंथरुणावर टपकते. गाठी टाळता आल्या नाहीत तर पॉलिशच्या आधी प्रत्येक गाठीवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा.

पट्ट्या गाडीच्या लांबीच्या दिशेने लावा. छताचा बाक आडवा असतो, त्यामुळे अरुंद उभ्या पट्ट्या तो बाक आपोआप घेतात. शिवाय छताच्या पत्र्याखालच्या लोखंडी रिबा आडव्या असतात, म्हणून उभी पट्टी प्रत्येक रिबेवर टेकते. आडव्या पट्ट्या लावल्या तर प्रत्येकीला बाक द्यावा लागेल आणि ९ मिमी लाकूड तो सुखासुखी घेणार नाही.

प्रमाण असं. ९० मिमी पट्टीतली ६ मिमी जीभ आत गेली की ८४ मिमी दिसते. १७०० ला ८४ ने भागलं की २१ ओळी. पण रुंदी सरळ मोजू नका, टेप बाकावरून फिरवा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक येतो. २१ ओळी गुणिले ४ मीटर म्हणजे ८४ मीटर, त्यात कापाकापीसाठी १२ टक्के, म्हणजे ९४ मीटर पट्टी. एक इंची फळी मधून चिरून रंधा मारला की ९ मिमीच्या दोन पट्ट्या निघतात. त्या हिशोबाने सव्वाचार घनफूट लाकूड लागतं. गाठी आणि सालीलगतचा पांढरा, कच्चा भाग काढून टाकावा लागतो, म्हणून ५ घनफूट आणा. चिरलेल्या पट्ट्या लगेच लावू नका. मधे काड्या घालून, वरून वजन ठेवून, सावलीत किमान दोन-तीन आठवडे थप्पी लावून ठेवा. ज्या फळ्या वाकायच्या त्या तिथेच वाकू द्याव्यात. त्या बाजूला काढा.

बसवण्याचा क्रम: हॅचचं भोक आणि त्याची लाकडी चौकट, मग वायरिंग, मग उष्णतारोधक फोम, मग रिबांवर १२ मिमी मरीन प्लायच्या ४० मिमी रुंद पट्ट्या, आणि शेवटी छत. प्लायच्या पट्ट्या रिबेला नुसत्या स्क्रूने धरू नका. रिबेचा पत्रा मिलीमीटरभर जाड. खडखडाटाने स्क्रूचं भोक मोठं होतं आणि सहा महिन्यांत सगळं सैल पडतं. एम-५ चे रिव्हेट-नट (पत्र्यात घट्ट दाबून बसवायचे आटेदार नट) बसवा, त्याला ७ मिमी भोक लागतं. भोक पाडण्याआधी रिबेच्या मूळ छिद्रातून तार घालून वरच्या पत्र्यापर्यंतची खोली मोजा आणि ड्रिलवर टेप गुंडाळून खूण करा. ही खूण न केल्यामुळे छताला भोक पडलेल्या गाड्या कमी नाहीत. भोकांच्या कडेला झिंक प्रायमर लावा आणि लोखंडाचा कीस झाडून काढा, नाहीतर तोच गंजून डाग पाडतो.

पहिली पट्टी मध्यावर, दोरी धरून. तिथून दोन्हीकडे जा, म्हणजे कडेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या कापल्या जातील. स्क्रू ३ मिमी जाड, २० मिमी लांब, जिभेच्या मुळाशी तिरका, आधी २ मिमी भोक पाडून. पुढच्या पट्टीची खाच त्यावर आली की स्क्रू झाकला जातो. लाकूड सागाचं असेल तर साधा लोखंडी स्क्रू नको. लाकडातल्या द्रव्यांशी लोखंडाची प्रक्रिया होऊन काळे ओघळ येतात. स्टेनलेस घ्या, ३०४ प्रतीचं पुरे.

प्रश्न (कराड): एप्रिलअखेर पाइनच्या ९० मिमी पट्ट्या एकमेकींत घट्ट ठोकून बसवल्या. फट एकही नव्हती. ऑगस्टमध्ये गाडी आठवडाभर पाटणच्या बाजूला होती. परत आल्यावर मधल्या पाच-सहा पट्ट्या खाली फुगलेल्या आणि दोन स्क्रू उपसलेले दिसले. लाकूड खराब निघालं का?

उत्तर: लाकडात दोष नाही, फट नव्हती हीच चूक. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी ६-७ टक्क्यांवर येतं; कोयना खोऱ्यातल्या ऑगस्टमध्ये तेच १६ च्या पुढे जाऊ शकतं. पाइनची फळी आडव्या धाग्यात दर टक्क्याला साधारण पाव टक्का फुगते. नऊ टक्क्यांचा फरक पडला तर ९० मिमीची पट्टी २ मिमी रुंद होते. वीस पट्ट्यांचे ४ सेंटिमीटर. दोन्ही कडांना गाडीचा पत्रा आडवा येतो, मग छताला जायला एकच वाट उरते, खाली. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, म्हणून तुमचे पट्ट्यांच्या टोकांचे सांधे तसेच राहिले असतील.

पॉलिश केल्याने हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं. एकाच बाजूला पॉलिश केलं तर उलट वाढतं: मागची कोरी बाजू आधी फुगते आणि पट्टीच्या कडा खाली वळतात. मागच्या बाजूलाही तेवढेच हात हवेत.

दुरुस्ती सोपी आहे. आता लगेच काही कापू नका. जानेवारी उजाडू द्या, पट्ट्या सुकून बसतील. मग कडेच्या पट्टीपासून एकेक सोडवा आणि पुन्हा लावताना प्रत्येक दोन पट्ट्यांत दीड मिलीमीटर जागा ठेवा. रुपयाचं नाणं मधे उभं धरलं की काम भागतं. जीभ खाचेत असल्यामुळे फटीतून काही दिसत नाही. दोन्ही कडांना ८ मिमी मोकळे सोडा आणि ते बिडिंग पट्टीने झाका; बिडिंग गाडीच्या अंगाला धरा, छताला नाही. एवढ्या जागेमुळे एक ओळ कमी बसेल. प्रत्येक पट्टी एकाच कडेला, जिभेच्या बाजूला, स्क्रूने धरलेली असू द्या. खाचेत गोंद अजिबात नको. काही सुतार सवयीने भरतात.

पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी उलट करावं. तेव्हा पट्ट्या आधीच फुगलेल्या असतात, त्यांना भिडवून लावा. उन्हाळ्यात फटी पडतील, पण छत खाली येणार नाही. जीभ मात्र ६ मिमीपेक्षा कमी नको, नाहीतर ती खाचेतून बाहेर डोकावते, आणि तिथे पॉलिश पोचलेलं नसल्यामुळे पांढरी रेघ दिसते. म्हणून बसवण्याआधीच जिभेलाही रंग लावून घ्यावा.

प्रश्न (मिरज): महाबळेश्वरला डिसेंबरात मुक्काम केला की पहाटे पट्ट्यांमधून थेंब पडतात. छत गळतंय समजून हॅचभोवती दोनदा सीलंट भरलं. उपयोग शून्य. शिवाय चालत्या गाडीत छत कुरकुरतं.

उत्तर: पाऊस नसताना छत गळत नाही. तो तुमचाच श्वास आहे. चार माणसं रात्रभर झोपली की लिटरभर पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. त्यात रात्री आत शेगडी पेटवली असेल तर एक किलो गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. ही वाफ पट्ट्यांच्या फटींतून वर चढते आणि बाहेरून गार पडलेल्या पत्र्याला लागून पाणी होते. शंका असेल तर कोरड्या दिवशी दुपारी हॅचभोवती दहा मिनिटं पाइप धरा. आत थेंब आला नाही तर सीलंटचा विषय संपला.

पट्ट्यांचं छत म्हणजे चाळण, हे गृहीत धरूनच पत्र्याला फोम लावायचा असतो. तुमच्या छतात थर्माकोल असावा असं पत्रातल्या वर्णनावरून वाटतं. थर्माकोलचे तुकडे पत्र्याला चिकटून बसत नाहीत, मागे हवेची पोकळी राहते आणि पाणी तिथेच साचतं. शिवाय तो सहज पेट घेतो आणि घासला की कुरकुरतो. तुमचे दोन्ही प्रश्न बहुधा त्याच्याच पोटी जन्मलेले आहेत. तो काढा. पत्रा थिनरने पुसून बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम, चिकट पाठीचा, १९ किंवा २५ मिमी जाड, हवा न राहू देता दाबून लावा. रिबांच्या पोकळीतही जमेल तितका सरकवा. रिबेच्या खालच्या अंगावर, प्लायची पट्टी येते तिथे, ३ मिमी फोमची पट्टी द्या. नाहीतर रिब गार राहते आणि तिच्या रेषेत लाकडावर काळी बुरशी उगवते. वरच्या फोमचे सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद करा.

एवढं केलं तरी हॅच दोन बोटं उघडी ठेवूनच झोपा आणि स्वयंपाक करताना पंखा बाहेर फेकता ठेवा. वाफेला बाहेर जायला वाट नसेल तर ती फोमवर नाही, खिडकीच्या काचेवर उतरेल. बंद गाडीत शेगडी पेटवून उबेला बसणं तर जिवावर बेतणारं, त्याचा लाकडाशी संबंध नाही पण सांगितलेलं बरं.

थर्माकोल काढूनही कुरकुर उरली तर लाकूड लाकडावर घासतंय. जिभेवर मेणबत्ती फिरवा आणि प्लायच्या पट्टीवर फेल्टची चिकटपट्टी लावा.

प्रश्न (फलटण): ४ मिमी सागाचा व्हिनियर-प्लाय छताला चिकटवला होता. मे महिन्यात मागचा अर्धा तुकडा सुटून खाली लोंबला. गोंद भेसळीचा होता का?

उत्तर: गोंद चांगलाच असेल, पण घरातल्या कपाटासाठी बनलेला. पांढरा गोंद आणि पिवळा रबरी गोंद दोन्ही ६०-७० अंशांना मऊ पडतात, आणि बाक दिलेला प्लाय सरळ व्हायला सतत जोर लावत असतो. छताला नुसता गोंद कधीच पुरत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच्या रेघा प्रत्येक रिबेवर द्या, आणि शिवाय दर रिबेवर २०० मिमी अंतराने स्क्रू, चपट्या टोपीचे. सीलंट जमेपर्यंत २४ तास खालून टेकू हवेत. स्क्रूच्या रांगेवर आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर ३० मिमी रुंद, ५ मिमी जाड लाकडी पट्टी मारली की ती नक्षीसारखी दिसते.

व्हिनियर घेताना आयएस १३२८ चा शिक्का बघा, आणि तो पाणी सोसणाऱ्या गोंदाच्या प्रतीचा आहे ना हे विचारून घ्या. ८ बाय ४ चा एक ताव २.९८ चौरस मीटर. ४ मीटरच्या छताला तीन ताव धरा. बाक कमी असेल तर साधा प्लाय चालतो. कडेला छत जोरात वळत असेल तिथे लवचिक प्लाय वापरा, साधा मोडतो. साधा प्लाय लावताना वरच्या थराचे धागे गाडीच्या लांबीच्या दिशेला ठेवा, म्हणजे तो आडवा सहज वळेल.

दुकानदार अशा वेळी पीव्हीसीचे लाकडी छापाचे पॅनेल गळ्यात घालतो. हलके आणि स्वस्त आहेत, पाण्याला भीत नाहीत. पण ७५-८० अंशांच्या आसपास पीव्हीसी नरम पडतं, आणि फोम नसलेल्या छतात दोन रिबांमधे झोळ घेतं. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) तर विचारातच घेऊ नका. जड, आणि एकदा ओलं झालं की पावासारखं फुगतं.

प्रश्न (वाई): घराण्याचा जुना वाडा उतरवला. तक्तपोशीच्या (लाकडी छताच्या) सागवानी फळ्या जपून ठेवल्या आहेत, इंचभर जाड. गाडीच्या छताला त्याच लावायच्या आहेत.

उत्तर: जशाच्या तशा लावल्या तर शंभर किलोच्या वर वजन होईल. चिरून ८ मिमी करा. मग जमेल, आणि असं लाकूड वखारीत पैसे मोजूनही मिळत नाही. इतकी वर्षं वाळलेला साग फारच कमी हलतो, तरी फटींचा नियम याही लाकडाला आहे.

चिरण्याआधी प्रत्येक फळीवर लोहचुंबक फिरवा. जुने घडीव खिळे डोकं तुटून आत राहिलेले असतात. एक खिळा लागला की करवतीचं पातं गेलं, आणि गिरणीवाला पुढच्या फळ्या घेणार नाही. जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं. ओलं करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि कचरा चुलीत जाळू नका. फळीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली ताजी पिठी दिसली तर भुंगा जिवंत आहे. अशी कड पूर्ण कापा आणि चिरलेल्या पट्ट्यांना बोरिक-बोरॅक्सचं पाणी द्या: लिटरला २० ग्रॅम बोरिक ॲसिड, ३० ग्रॅम बोरॅक्स, कोमट पाण्यात विरघळवून, दोन-तीन हात ब्रशने. आठवडाभर सुकल्याशिवाय पॉलिश नको. फळीची धुरकट, काळवंडलेली मूळ बाजू एका पट्टीला तरी तशीच ठेवा. रंधा मारून नव्यासारखी करायची असती तर नवीनच आणता आलं असतं.

प्रश्न (सांगली): छताला मेलामाइन, पीयू की तेल?

उत्तर: पाण्यावरचं पीयू, मॅट, तीन हात, पहिल्या आणि दुसऱ्या हातानंतर ३२० नंबरचा पेपर. बंद गाडीत त्याचा वास लवकर जातो आणि शिवणीसारखं फिकट लाकूड पिवळं पडत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर गाडीच्या आत मारूच नका, त्याची वाफ ठिणगीने पेटते. जवसाचं तेल दिसायला सुंदर, पण दमट हवेत त्यावर बुरशी धरते. लावलंच तर पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा.

प्रश्न (विटा): आतून लाकूडकाम केलं तर आरटीओत काही करावं लागतं का?

उत्तर: नुसतं छत मढवणं आणि प्रवासी गाडीचं फिरतं घर करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीट काढणं, झोपायच्या जागा आणि गॅस बसवणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खालचा बदल ठरतो, आणि त्याला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते. फिरत्या घरांसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. ज्यांच्याकडून गाडी बांधून घ्याल त्यांना पहिला प्रश्न याचाच विचारा. आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ आहे. फोम आणि पडद्याचं कापड घेताना त्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा. शेगडीच्या वरच्या भागात लाकूड नकोच, तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, आणि अग्निशामक दाराजवळ ठेवा, शेगडीमागे नाही.

काम सुरू करण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं करून घ्या, काम झाल्यावर पुन्हा करा, आणि दोन्ही पावत्या गाडीच्या कागदांत ठेवा.